खाडाखोड कोणाची?

पूर्वी लेजरात खाडाखोड झाली की माणूस सापडायला दोन मिनिटं पुरत. अक्षरच चहाडी करायचं! आता आमच्या रजा एक्सचेंज सर्व्हरवरच्या सामायिक कॅलेंडरात असतात. तिथे सगळ्यांचं अक्षर सारखंच. छापील आणि निरागस.

त्यातून माझी गणपतीची रजा नाहीशी झाली. कुलकर्ण्यांची मात्र जागच्या जागी! मी त्यांच्याबरोबरचा अकराचा चहा बंद केला. वीस वर्षांचा चहा हो!

मग संगणकवाल्या पोराला गाठलं. तो म्हणाला, "काका, मेलबॉक्सचं ऑडिट २०१० च्या एक्सचेंजच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून आहे. पण आपल्या सर्व्हरवर ते आधी चालू करून ठेवावं लागतं. मागचं काही दिसायचं नाही." म्हणजे चोरी झाल्यावर गुरखा! "कर बाबा चालू," मी म्हटलं. आता कोणी, कधी, कुठल्या मशीनवरून काय खोडलं ते नव्वद दिवस राहणार होतं.

आठवड्याने जोशीबाईंची रजा उडाली. मी मोठ्या उत्साहाने नोंद काढवली. वेळ अकरा वाजून पाच. मशीन माझं. नावही माझंच! चहाला न जाता मी स्वतःची रजा पुन्हा बसवत होतो ना, तेव्हा हात पडला असणार.

बाईंची माफी मागितली. माझी रजा कोणी खोडली, ते विचारायची हौस आता राहिली नाही. कुलकर्ण्यांना म्हटलं, "चला, चहा."

ते उठत म्हणाले, "का हो, रजा मंजूर झाली वाटतं?"