पोट्टा

बुलढाणा जिल्ह्यातील डोणगाव हे माझे गाव. आमच्या वऱ्हाडी बोलीत मुलाला ‘पोट्टा’ आणि मुलीला ‘पोट्टी’ म्हणतात. १९५६ पर्यंत वऱ्हाड प्रांत जुन्या मध्यप्रदेश राज्यात होता. पुण्याकडील पुष्कळांच्या कानांस ही बोली अपरिचित होती.

तिकडून आमच्या भागात आलेले एक शिक्षक मला आठवतात. एकदा वर्गात एक मुलगा आपल्या धाकट्या भावाविषयी म्हणाला, “गुरुजी, आमचा पोट्टा तापानं पडला.” शिक्षकांस ती शिवी वाटली. त्यांनी त्याला तासभर उभे केले. त्यानंतर कितीतरी दिवस तो मुलगा वर्गात बोललाच नाही.

पुढे त्याची आई शाळेत आली. लेकाच्या पाठीवरून हात फिरवीत ती म्हणाली, “गुरुजी, माहा पोट्टा लय गुणाचा हाये!” तो मायेचा स्वर ऐकताच शिक्षक चमकले. पुण्याची आईही लाडाने ‘कार्टं’ म्हणतेच की! त्यांनी मुलाला जवळ घेतले आणि म्हटले, “आता तुझ्या बोलीतले शब्द तू मला शिकव.” मुलगा हसला, बोलू लागला.

मुलांनो, लिहिताना प्रमाण भाषा अवश्य वापरा; परंतु अनोळखी शब्द कानी पडला, तर रागावण्यापूर्वी त्याचा अर्थ विचारा.