मारण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी

अंतराळयुद्धाच्या खेळांत लेझर म्हटला की खेळाडूंचं लक्ष आधी मेगावॉटकडे जातं. मी प्रकाशकीचा माणूस. माझं मन रमतं ते अंतर मोजणाऱ्या छोट्या लेझरमध्ये. २०१६ साली आलेला ‘चिल्ड्रन ऑफ अ डेड अर्थ’ हा खेळ मला आवडतो तो त्यामुळेच. पंपाचा दिवा, स्फटिक, आरसा असं सगळं निवडून त्यात लेझर स्वतः बांधता येतो, आणि भौतिकशास्त्र सहसा सूट देत नाही.

अंतर मोजायचं तत्त्व सोपं आहे. प्रकाशाचा एक स्पंद सोडायचा, तो आदळून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. १०० किलोमीटरवरच्या जहाजाला हा फेरा ६६७ मायक्रोसेकंदांचा. घड्याळ एका नॅनोसेकंदाने चुकलं, तर अंतर १५ सेंटिमीटरने चुकतं.

आता हिशेब मांडू. निओडिमियम-याग स्फटिक, १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबी, १० मिलिज्यूलचा स्पंद, १० सेंटिमीटर व्यासाचा आरसा. स्पंद १० नॅनोसेकंदांचा असला, तर तेवढ्यापुरती शक्ती एक मेगावॉट होते. पण सेकंदाला दहाच स्पंद सोडले, तर सरासरी जेमतेम ०.१ वॉट. १०० किलोमीटरवर झोताचा ठिपका सुमारे अडीच मीटरचा होतो. जहाजाच्या काळपट कातडीने दहा टक्के प्रकाश चहूकडे उधळला, तर आपल्या आरशावर हजारभर फोटॉन परत येतात. चांगल्या शोधकाला तेवढे पुष्कळ झाले.

खरी गंमत लांबच्या पल्ल्यावर आहे. ठिपका जहाजापेक्षा मोठा झाला की अंतर दुप्पट होताच परतणारा प्रकाश सोळापट घटतो. नवखा खेळाडू इथे शक्ती वाढवायला धावतो. पण शक्ती दुप्पट केली तर परतावा फक्त दुप्पट होतो. आरशाचा व्यास दुप्पट केला, तर झोताची रुंदी निम्मी होऊन जहाजावर चौपट प्रकाश पडतो, शिवाय परतणारा प्रकाश झेलायला चौपट क्षेत्रफळ मिळतं. दोन्ही मिळून सोळापट. म्हणून माझा नियम ठरलेला: आधी आरसा, मग शक्ती. एवढंच की झोत जितका बारीक, तितका नेम अवघड.

उष्णतेचा प्रश्नही इथेच सुटतो. निर्वातात उष्णता बाहेर टाकायला किरणोत्सर्जनाशिवाय मार्ग नाही. आपल्या मापकाची कार्यक्षमता एक टक्का धरली, तरी सगळा खर्च दहा वॉट. ३०० केल्विनला एक चौरस मीटर काळा पृष्ठभाग सुमारे ४६० वॉट बाहेर टाकतो. म्हणजे सावलीत वीतभर चौरस पत्राही पुरतो. मेगावॉटच्या लेझर तोफेला मात्र जहाजापेक्षा मोठे रेडिएटर लागू शकतात.

हे आकडे हवेतले नाहीत. २००८ साली निघालेल्या चांद्रयान-१ वर इस्रोच्या बंगळुरूमधल्या ‘लिऑस’ या प्रयोगशाळेत घडवलेला लेझर मापक होता. त्याचा स्फटिक याच जातीचा, स्पंद १० मिलिज्यूलचे, सेकंदाला दहा. १०० किलोमीटर उंचीवरून त्याने चंद्राचे चढउतार मोजले. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोच्या ‘स्पेडेक्स’ मोहिमेतले दोन उपग्रह एकमेकांना जोडले गेले, तेव्हाही मधलं अंतर मोजण्याच्या कामी लेझर होता.

घरातलं कुणी अशा खेळांत रंगलं असेल, तर त्याच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि हा सोळापटीचा हिशेब स्वतः करून बघायला सांगा. या शास्त्रात शिरायला याहून चांगली सुरुवात मला ठाऊक नाही.