उल्हासनगरचा बाजार आणि मालामागचे हात

भीमजयंती किंवा बुद्धपौर्णिमा जवळ आली की कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या वस्त्यांमधील पावले उल्हासनगरकडे वळतात. पांढरी साडी, पांढरा सदरा, लेकरांना नवे कपडे घ्यायचे असतात आणि चार पैसे वाचवायचेही असतात. आम्हीही त्याच गर्दीत असतो.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी गेली, पण कॅम्प १ ते ५ ही नावे रिक्षावाल्याच्या तोंडी आजही आहेत. सर्वस्व गमावलेल्या या माणसांनी पापड लाटले, गाडीत गोळ्या-बिस्किटे विकली आणि बाजार उभा केला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तर जगजाहीर आहे!

गजानन मार्केटमध्ये साड्या आणि कापडाची रीघ आहे. पहिल्याच दुकानात पिशवी भरू नये. चार दुकाने फिरावे, कापडाचा पन्हा पाहावा, शिवण उलटी करून बघावी. कॅम्प ५ कडे जीन्सचा मोठा व्यवसाय आहे. जीन्स धुण्याच्या रसायनांनी वालधुनी नदी काळीनिळी झाली, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले आणि शेकडो धुलाई कारखाने बंद पडले. नदीला न्याय हवाच होता, पण त्या कारखान्यांतला मजूर कुठे गेला, हे कुणी विचारले?

शंभर रुपये कमी केल्याचा आनंद आपल्याला होतो. पण त्या कपड्याचे धागे कापणारी, काज-बटण करणारी बाई बहुधा आपल्यासारख्याच वस्तीत राहते. तिला नगावर मजुरी मिळते. बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. घरी बसून नगावर राबणाऱ्या या बाईच्या दाराशी ते घड्याळ अजून पोहोचलेले नाही.

कारागिरांना मान होता असाही काळ याच मुलुखाने पाहिला आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या सोनाराने आणि लोहाराने दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. नाशिकच्या लेण्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा उषवदाताचा लेख आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण कायमचे ठेवले आणि त्यांच्या व्याजातून वीस भिक्खूंच्या चीवरांची सोय केली. विणकरांची संघटना म्हणजे त्या काळची विश्वासाची पेढीच!

आता इटलीकडे पाहा. जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, पण मूळ कारागिरांचा उल्लेख केला नाही. इकडे आवाज उठल्यावर कंपनीला भारतीय परंपरेचे ऋण मान्य करावे लागले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले होते. ज्यांना चामड्याच्या कामामुळे गावाबाहेर ठेवले, त्यांचीच कला मिलानच्या मंचावर चढली. कला शिवत नव्हती, माणूस शिवत होता. हा आपल्या समाजाचा न्याय!

पुढे अंबरनाथला उतरलो तर १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर दिसते. भिंतीवरचे कोरीव काम पाहून मान आपोआप वर होते. राजाचे नाव शिलालेखात सापडते, छिन्नी धरणारे हात मात्र बेनाव राहिले. बदलापूरच्या बाजारात पावसाळ्याच्या तोंडावर आदिवासी बाया पानांच्या द्रोणात जांभळे-करवंदे घेऊन बसतात. तो द्रोणही हाताचीच कारागिरी आहे.

बंधू-भगिनींनो, खरेदी जरूर करा. घाऊक दुकानात घासाघीस करा, पण द्रोण, टोपली, सूप, चप्पल स्वतः बनवून विकणाऱ्याशी दोन रुपयांसाठी भांडू नका. वस्तीतल्या नगावर काम करणाऱ्या भगिनींनी एकत्र बसून दर ठरवावा, हिशेबाची वही ठेवावी. महिला मंडळांनी पुढाकार घ्यावा. सम्यक आजीविका आपल्यासाठी आहे, तशीच ती आपला सदरा शिवणाऱ्यासाठीही आहे.