फोंडा घाट आणि टायरवरची तारीख

कोल्हापूरहून राधानगरीकडे निघालेला रस्ता बराच काळ भोगावती नदीची सोबत करतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाची चिमणी, आणि मग हळूहळू डोंगर जवळ येऊ लागतात. राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेले राधानगरीचे धरण, त्याचे ते प्रसिद्ध सात स्वयंचलित दरवाजे, पुढे दाजीपूरचे गव्यांचे अरण्य, आणि अरण्य संपता संपता एकाएकी पायाखालची जमीनच सरकावी तसा खाली उतरणारा फोंडा घाट. देवगड-निपाणी मार्गावरील हा घाट मी नोकरीच्या काळात एस.टी.च्या खिडकीतून अनेकदा पाहिला होता. कणकवली परिसरातील एका शाखेत माझी तीन वर्षे गेली. निवृत्तीनंतर हाच रस्ता स्वतःच्या वाहनाने, आपल्या गतीने पाहावा, ही इच्छा तेव्हापासूनची.

त्यासाठी २०२० च्या फेब्रुवारीत मी रॉयल एनफिल्डची हिमालयन घेतली. साठीच्या उंबरठ्यावर मनुष्य साधारणतः मुदत ठेवीचा विचार करतो. मी दोनशे किलोची मोटारसायकल घेतली, म्हणून आप्तांमध्ये बरीच चर्चा झाली. सौभाग्यवतींनी मात्र एकच प्रश्न विचारला, "मागे बसायला धरायला काही आहे ना?"

जून २०२४ मध्ये, मृग नुकताच लागला असताना, आम्ही दोघे सांगलीहून मालवणास निघालो. गाडीच्या दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या होत्या. दाजीपूरपाशी धुके होते, घाटात भुरभुर पाऊस. कोकणातून जांभ्या चिऱ्यांचे ट्रक हाच घाट चढून देशावर येतात आणि त्यांची तांबडी भुकटी वळणावळणांवर सांडलेली असते. पहिल्या पावसात त्या भुकटीचे जे होते, त्याला चिखल म्हणणे अपुरे आहे, ते वंगणच. एका डावीकडच्या वळणावर, वेग वीस-पंचवीसहून अधिक नसताना, मागचे चाक अलगद बाहेर गेले. माझ्या गुडघ्यास खरचटले. हिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले.

एका टेम्पोवाल्या सद्गृहस्थाने आम्हांस खाली फोंड्यास पोहोचविले. तेथून कणकवलीस नेऊन हिच्या हातास प्लास्टर घातले गेले. दुसऱ्या दिवशी मी गाडी न्यावयास फोंड्याच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. तो विशी-बाविशीतला मुलगा असावा. मी म्हणालो, "टायरला नक्षी तर भरपूर आहे. गाडी जेमतेम सव्वानऊ हजार किलोमीटर धावली आहे." त्याने अंगठ्याचे नख रबरावर दाबून दाखविले. नखाचा ठसा उमटला नाही. "साहेब, टायर झिजूक नाय हा, म्हातारो झालो हा," असे म्हणून त्याने टायरच्या कडेवर लंबवर्तुळात कोरलेले चार अंक दाखविले. ४७१९. म्हणजे २०१९ सालच्या सत्तेचाळिसाव्या आठवड्यातील निर्मिती. साडेचार वर्षे तो टायर माझ्या अंगणात, पत्र्याखाली, सांगलीचे उन्हाळे खात उभा होता. नंतर त्याने हवा मोजली; तीही मी एकट्यासाठी असते तितकीच भरलेली होती. गाडीच्या पुस्तिकेत एकट्या चालकासाठी एक आकडा आणि मागे माणूस असल्यास दुसरा, असे दोन आकडे स्पष्ट छापलेले असतात. छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या कागदपत्रांवरील बारीक अक्षरे वाचण्यात घालविलेल्या माणसाने स्वतःच्या गाडीची पुस्तिका वाचली नव्हती, हे येथे नमूद करणे मला भाग आहे.

हिने मला एक शब्दही बोलून दाखविला नाही. परंतु प्लास्टर निघाल्यावर, मी पुन्हा मालवणचा विषय काढला तेव्हा म्हणाली, "तुम्ही जा. मी गाडीने येते." गाडीने म्हणजे एस.टी.ने. त्या वाक्यानंतर टायर बदलणे ही माझ्या दृष्टीने केवळ दुरुस्तीची बाब राहिली नाही.

प्रथम मी कोल्हापुरातील एका दुकानात गेलो. मालकांनी मोठ्या अगत्याने चहा दिला आणि मागच्या टायरवर भरघोस सवलत देऊ केली. टायर नवा कोरा, रबराचे बारीक केसही शाबूत. मी तारीख शोधू लागलो, ती दिसेना. पुष्कळ टायरांवर हे चार अंक एकाच बाजूस असतात आणि ती बाजू भिंतीकडे होती. फिरवून पाहिले तर टायर तीन वर्षांचा. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी बँकेतून कॅश क्रेडिट घेतले आहे त्यांना ठाऊक असेल, की साठ्याच्या तपासणीस आलेला अधिकारी गोदामात पुढची पोती कधीच पाहत नाही. मागची थप्पी पाहतो, आणि फार जुना माल उचल-मर्यादेच्या हिशेबात धरीत नाही. मी आयुष्यभर हेच केले होते. जुन्या मालावर सूट देण्यात व्यापारी काही गैर करतो असे मी म्हणणार नाही, तारीख सांगून दिली तर. येथे ती सांगितली गेली नव्हती. मी चहाचे आभार मानून उठलो.

आता पुतण्याची गोष्ट. तो नुकताच मनालीहून लेहपर्यंत जाऊन आला होता. बारालाचा, गाटा लूप्सची एकवीस वळणे, मोरेचे पठार ही नावे त्याच्या तोंडी घरच्या गल्ल्यांसारखी. त्याचा आग्रह होता की मोठ्या गाठींचे, ट्रॅक्टरसारखे दिसणारे टायर घालावेत. "काका, चिखलात याला तोड नाही." त्याचे म्हणणे चिखलापुरते खरे होते. गाठी मातीत रुतून पकड घेतात. परंतु डांबरावर, विशेषतः ओल्या डांबरावर, गाठींच्या मधली पोकळी म्हणजे जमिनीस न टेकणारे रबर. शिवाय तापलेल्या डांबरावर त्या गाठी लवकर झिजतात आणि आवाज वेगळाच. माझे शंभरातले नव्वदहून अधिक किलोमीटर डांबरावरचे. घाटातली तांबडी भुकटी ही डांबरावरची समस्या आहे, शेतातली नाही. तेव्हा बहुतांशी रस्त्यासाठी घडविलेला, परंतु पाणी बाहेर टाकणाऱ्या खोल व रुंद खाचा असलेला टायर मला हवा होता.

मग वजन. अशा गाड्यांच्या बाबतीत हा हिशेब कोणी करीत नाही, याचे मला नवल वाटते. पेट्रोल-तेलासह गाडी १९९ किलो. मी ७४, ही ५८, पेट्या व सामान ३०. एकूण ३६१. मागे माणूस व सामान असले की यातील निम्म्याहून बराच अधिक भार मागच्या चाकावर येतो. मी सावधगिरीने शेकडा ६५ धरला, म्हणजे सुमारे २३५ किलो. माझ्या मागच्या टायरचे माप १२०/९०-१७ आणि त्यापुढे ६४ एस. यातील १२० ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ९० म्हणजे उंची रुंदीच्या शेकडा ९०, आणि १७ हा रिंगचा व्यास इंचांत. मधली आडवी रेघ सांगते की टायर आडव्या धाग्यांच्या जुन्या पद्धतीचा आहे. रेडियल असता तर तेथे आर आला असता. शेवटचा ६४ हा भारांक. त्याचा अर्थ २८० किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतची क्षमता, जिच्याशी माझ्या वयाचा काही संबंध नाही. पुढचा टायर ९०/९०-२१, भारांक ५४, म्हणजे २१२ किलो. म्हणजे २८० मधून २३५ जाता ४५ किलोंचे अंतर शिल्लक राहत होते. बँकेच्या भाषेत मार्जिन ठीक. मात्र ही क्षमता पुरेशी हवा भरलेली असेल तरच खरी. कमी भारांकाचा टायर स्वस्तात बसविणारे मी पाहिले आहेत. एकट्याने दूध आणावयास जाणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही, दोघांनी पेट्यांसह घाट उतरणाऱ्याचे बिघडते.

राहिली किंमत. आमच्याकडे टायर विचारताना पहिला प्रश्न असतो, "किती चालेल?" माझाही तोच होता. कठीण रबराचा टायर अधिक चालतो, मऊ रबराचा कमी चालतो पण ओल्यात धरतो. समजुतीपुरते आकडे घेऊ. समजा, कठीण टायर चार हजारांचा आणि सोळा हजार किलोमीटर चालणारा. किलोमीटरला पंचवीस पैसे. मऊ टायर पाच हजारांचा व दहा हजार चालणारा, पन्नास पैसे. पुतण्याचा गाठींचा टायर समजा सात हजार दोनशेचा आणि सहा हजार चालणारा. एक रुपया वीस पैसे. या कोष्टकात कठीण टायर सहज जिंकतो आणि मी तोच घेण्याच्या बेतात होतो.

रात्री वही मिटताना चूक ध्यानात आली. मी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालवितो. टायरला मी वयाची मर्यादा पाच वर्षे धरली, आणि मागचा अनुभव पाहता ती उदारच म्हणावी लागेल. पाच वर्षांत माझे होणार दहा हजार. म्हणजे कठीण टायरमधील उरलेले सहा हजार किलोमीटर मी विकत घेणार, पण वापरणार कधीच नाही. खरा दर पंचवीस पैसे नसून चाळीस पैसे पडतो. मऊ टायरचा पन्नास. फरक दहा पैशांचा, पाच वर्षांत एक हजार रुपयांचा. पेट्रोलच किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या आसपास जाते, तेथे हे दहा पैसे शोधावे लागतील. जो तरुण दरसाल वीस हजार किलोमीटर फिरतो, त्याने कठीण टायर अवश्य घ्यावा. त्याचा टायर म्हातारा होण्यापूर्वीच झिजून जाईल. माझ्यासारख्या, रविवारी गाडी पुसणाऱ्या माणसास टिकाऊपणा महाग पडतो.

दुसऱ्या दुकानात मी हिलाही नेले. एमआरएफ, अपोलो, सिएट, सगळ्यांचे टायर भिंतीला लावून ठेवलेले होते. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला १९४६ साली खेळण्यातले फुगे बनविणाऱ्या छोट्या उद्योगातून एमआरएफ उभी राहिली, ही माहिती मी तेथे उत्साहाने सांगू लागलो. हिचे लक्ष नव्हते. ती डाव्या हाताने एकेका टायरवर नख दाबून पाहत होती. मग दुकानदारास म्हणाली, "दादा, याची तारीख दाखवा." टायर सात आठवड्यांपूर्वीचा निघाला. दाम पाच हजारांहून थोडे जास्त होते. मी घासाघीस करणार तोच तिने पिशवीतून पैसे काढले.

पुढचाही त्याच वेळी बदलला, कारण त्याचेही वय तेच होते. एरवी मागचे दोन टायर संपेपर्यंत पुढचा एक चालतो असा पुष्कळांचा अनुभव आहे. तेव्हा झिजेमुळे बदलत असाल तर दोन्ही एकदम बदलण्याची घाई नको. या गाडीच्या चाकांना तारा असल्याने आत ट्यूब असते. नव्या टायरमध्ये जुनी ट्यूब घालण्याची काटकसर मी केली नाही. टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बसविणाऱ्यास दाखविला; आणि पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी यावा अशी विनंती केली, त्याने वजनाचा तोल बरा साधतो. बसविणारा म्हणाला, "काका, पहिलं शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश हाणा, नवं रबर गुळगुळीत असतंय." एकवीस इंची ट्यूब खेडोपाडी मिळत नाही, म्हणून पुढच्या चाकाची एक जास्तीची ट्यूब पेटीत ठेवली. अडचणीच्या वेळी ती घडी पडूनही मागच्या चाकात घालून गावापर्यंत पोहोचता येते, हे पुतण्याने शिकविलेले. त्या मुलाचे सगळेच चुकीचे नव्हते.

सप्टेंबरात एका सकाळी मी गाडी पुसत असताना ही पायात बूट घालून बाहेर आली. हवा मोजण्याचे छोटे यंत्र तिच्या हातात होते. "दोघांची भरली का?" मी हो म्हटले, तरी तिने मला मोजून दाखवावयास लावले.

दाजीपूरला धुके होते. घाटात पाऊस जूनपेक्षा अधिक होता, त्यामुळे तांबडी भुकटी बरीचशी धुऊन गेली होती. म्हणजे टायरची पुरती परीक्षा झाली असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. त्या वळणाच्या अलीकडे हिने माझ्या खांद्यावरचा हात काढून मागची दांडी धरली. वळण गेले. आणखी दोन वळणे गेली, तेव्हा हात पुन्हा खांद्यावर आला.

फोंड्याला त्या मुलाच्या गॅरेजपाशी थांबलो. तो एका स्कूटरखाली निजला होता. बाहेर आला, हात पुसले, आणि काही न बोलता खाली बसून मागच्या टायरवर नख दाबले. मग हिच्याकडे पाहून म्हणाला, "काकी, हात कसो हा आता?" तिने मनगट वळवून दाखविले. पुरते वळत नाही अजून.