आधी खरखर, मग गडगडाट

आमचं रान तुळजापूर तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर. कुळव चालू असला की आबा बांधावरच्या बाभळीला ट्रान्झिस्टर अडकवत. परभणी केंद्राचं बोलणं चालू असताना मध्येच खर्रकन् आवाज येई. मला वाटे, सेल उतरले. आबा म्हणत, "वीज बोलती ती."

आबांचं खरंच होतं. वीज चमकताना उजेडाबरोबर रेडिओच्या लहरीही निघतात. दोन्हींचा वेग एकच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. आवाज मात्र सेकंदाला ३४० मीटरच चालतो, म्हणजे किलोमीटरला ३ सेकंद. म्हणून खरखर आधी, गडगडाट मागाहून. (हल्लीच्या एफएमवर ही खरखर फारशी येत नाही.)

एका मृगात मी चमक पाहून आकडे मोजले. वीस झाले. शाळेतलं गणित मांडून म्हणालो, "आबा, सहा-सात किलोमीटर लांब हाय. दोन तासं होतील अजून."

"तिला काय तुझा हिशेब ठावं? बैलं सोड!"

आम्ही घर गाठलं न गाठलं तोच वीज त्या बाभळीवर पडली. ढग लांब असला तरी वीज दहा किलोमीटरवर येऊन पडू शकते, हे मला पुढं कळलं. आता तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला की मी काम टाकून पक्कं घर गाठतो.

ट्रान्झिस्टर घाईत बाभळीलाच राहिला होता. आबांनी त्याचं कधी नाव काढलं नाही.