परतीची तारीख

चि. मनूस,


तुझा परवाचा निरोप ऐकल्यापासून मला चैन नाही. विचारलंस तू एवढंच, की चाकांना बांधायच्या साखळ्या पुण्यात घेऊ की चंदीगडला. पण बोलता बोलता पुढे म्हणालीस, "शनिवारी पहाटे निघतोय मामा, पुढच्या रविवारी रात्री घरी. सोमवारी दोघांनाही ऑफिस आहे." साखळ्यांचं फोनवरही सांगता आलं असतं. त्या सोमवारासाठी मात्र कागद घेऊन बसलो आहे. पत्र लांबेल, पण शेवटपर्यंत वाच आणि जावईबापूंनाही वाचायला दे. निम्मा वेळ गाडी तेच चालवणार आहेत.

साखळ्यांचं आधी उरकतो. पुण्यातच घे. टायरच्या कडेवर माप छापलेलं असतं, नेमक्या त्याच मापाच्या घे. तुमच्या गाडीची ताकद पुढच्या चाकांवर आहे, तेव्हा साखळ्या पुढच्या दोन्ही चाकांना. निघण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातमोजे घालून चढवून-उतरवून बघा. उणे दहा अंशांत, बर्फाच्या राड्यात गुडघे टेकून पहिल्यांदाच पिशवी उघडायची नसते. चढ सुरू होण्याआधी सपाटीवर बांधायच्या, तिशीच्या वर वेग न्यायचा नाही, कोरडा रस्ता लागला की सोडायच्या. झालं.

आता माझं ऐक. स्पितीतल्या किब्बरला हिमबिबट्या बघायला भर थंडीत जायचं, हे तुझं बरोबरच आहे. वर बर्फ वाढला की भरल आणि आयबेक्स गावाजवळच्या उतारांवर येतात, त्यांच्यामागे तो येतो. उन्हाळ्यात तो कुणाला दिसणार? गाडीबद्दलही मी बोलणार नाही. तुझ्या बाबांची, आमच्या दाजींची गाडी आहे ती. ती तिथवर जावी असं मलाही वाटतं, आणि का वाटतं ते तुला सांगायला नको.

पण नकाशा तू नीट पाहिलेला नाहीस. "येताना मनालीकडून उतरू, आता बोगदा झालाय," म्हणालीस. अगं, अटल बोगदा ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे हे खरं, नऊ किलोमीटरांचा आहे हेही खरं. पण तो तुला रोहतांगच्या खालून लाहौलमध्ये नेऊन सोडतो. लाहौल आणि स्पिती यांच्यामध्ये साडेचार हजार मीटरांची कुंझुम खिंड तशीच उभी आहे, आणि ती साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बंद. हिवाळ्यात स्पितीला जायची वाट एकच: सिमला, रामपूर, रेकाँग पिओ, पूह, नाको, ताबो, काझा. येण्याचीही तीच. ती मध्ये कुठे तुटली, तर दुसरी वाट नाही. नारकंड्याला बर्फाने अडवलं तर खालून सुन्नी-लुहरीवरून सतलजच्या काठाने निघता येतं, तेवढी एक पळवाट ध्यानात ठेव. रामपूरच्या पुढे तीही नाही.

रामपूरजवळ झाकडीच्या जलविद्युत प्रकल्पावर होतो तेव्हाची एक सकाळ सांगतो. पूहला काम होतं. आमचा ड्रायव्हर रामपूरचा, फार न बोलणारा. सावलीतल्या एका वळणाच्या अलीकडे त्याने जीप उभी केली, दगड काढून मागच्या चाकाखाली लावला आणि खाली उतरून पुढे चालत गेला. रस्ता मला नुसता ओला दिसत होता. त्याने बुटाचा तळवा त्यावर टेकवला, हळूच पुढे ढकलला आणि पाय सर्रकन गेला. आदल्या दुपारी कड्यावरून झिरपलेलं पाणी रात्रीत गोठलं होतं. त्याच्याखालचं डांबर स्वच्छ दिसत होतं, खडीसुद्धा मोजता आली असती. डाव्या हाताला सतलज, तीही खूप खाली. मला वाटलं, माती टाकून पुढे जाऊ, फावडं होतंच. तो म्हणाला, "साब, धूप आने दो." आणि बिडी पेटवून बसला. ऊन वळणावर यायला दीड तास लागला. त्या दीड तासात मागे दोन ट्रक आणि राज्य परिवहनाची बस येऊन उभी राहिली. एकानेही हॉर्न वाजवला नाही. सगळे आपापले उतरले, ऊन कुठवर आलं ते बघत उभे राहिले.

मनू, तिकडची सगळी विद्या मला त्या दीड तासात दिसली. बाकीचं सामान बाजारात मिळतं. वाट बघायला लागणारा वेळ मात्र घरूनच न्यावा लागतो.

तू म्हणशील, मामाचं नेहमीचं सुरू झालं. बरं, एकेक गोष्ट घे. डिझेल घे. डिझेलमध्ये मेण असतंच, कडाक्याच्या थंडीत ते वेगळं होऊन फिल्टरमध्ये साचतं आणि सकाळी गाडी घरघर करून गप्प होते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत टिकणारं खास डिझेल आणलं, ते काही उगाच नाही. मैदानातली भरलेली टाकी वर नेऊ नका. रेकाँग पिओखाली पोवारीला पंप आहे, तिथे पोचताना टाकी रिकामी होत आलेली असू दे आणि तिथे ती काठोकाठ भरा. पुढे काझापर्यंत दोनशे किलोमीटर पंपाचा भरवसा धरायचा नाही. एवढं करूनही एखाद्या सकाळी गाडी अडलीच, तर काय करायचं? टाकीखाली बोळे पेटवणारे ट्रकवाले तुला दिसतील. तसलं काही एक करायचं नाही. फिल्टरवर कोमट पाण्याची फडकी ठेवा आणि ऊन येऊ द्या. म्हणजे पुन्हा वेळच.

बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर निघायच्या आधी बदल. गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली गेल्यावर तिची निम्मी ताकदही उरत नाही, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. कूलंट निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं आहे ना, हे मेकॅनिकसमोर उभं राहून तपासून घे. आपल्याकडे बरेच जण नुसतं पाणी घालत राहतात. काच धुण्याच्या टाकीतलं पाणी काढून टाक. रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढायचा नाही, तो गोठून तसाच अडकतो. गिअर टाकायचा आणि चाकाला दगड. वायपर उभे करून ठेवायचे. टायरमधली हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजायची, आणि "हवा कमी केली की बर्फात पकड येते" असं कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडायची, ब्रेकवर पाय दाबून धरायचा नाही. जावईबापूंना एक्स्प्रेसवेची सवय आहे, तेव्हा हे वाक्य त्यांना दोनदा वाचायला लाव.

आता उंची. याच्याबद्दल तुझ्या निरोपात एक शब्द नाही, आणि मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. रामपूर हजार मीटरांवर. कल्पा तीन हजारांच्या जरा खाली. ताबो ३,२८०, काझा ३,६५०च्या आसपास, किब्बर ४,२०० च्या वर. तीन हजारांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामाहून पाचशे मीटरांपेक्षा जास्त उंचावर नको, आणि मधे एखादा दिवस जागचं हलायचं नाही, असं डॉक्टर सांगतात. विरळ हवेच्या त्रासावर गोळी मिळते, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारून. तुला सल्फाचा त्रास झाला होता ते त्यांना आठवणीने सांग. डोकं दुखलं, मळमळलं, की तिथेच थांबायचं. आणि चाल अडखळायला लागली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरवायचं. वाट बघायची नाही अशी ही एकच गोष्ट.

म्हणून कल्पाला दोन रात्री राहा. समोर किन्नर कैलास आहे, कंटाळा येणार नाही. मग ताबो. ९९६ साली बांधलेला मठ आहे, मातीच्या भिंती, आत अंधारात जुनी चित्रं. घाईने बघू नका, टॉर्च सोबत ठेवा. मग काझाला दोन रात्री आणि मगच किब्बर. हे दिवस वाया जात नाहीत, त्याच दिवसांत तुमचं रक्त तिथल्या हवेला सरावतं.

आता तुझे नऊ दिवस मांड. पुणे ते चंदीगड सोळाशे किलोमीटरांच्या वर. दोघांनी आलटून पालटून चालवली तरी अडीच दिवस जायला, अडीच यायला. पाच गेले. उरले चार. चार दिवसांत चंदीगड-काझा-किब्बर आणि परत, हजाराहून जास्त किलोमीटर डोंगरातले, जिथे सकाळी नऊ-दहाच्या आधी निघू नये आणि तीन-चारच्या पुढे चालवू नये. दुपार कलली की उन्हाने सैल झालेले दगड वरून सुटतात, मलिंग नाल्याच्या आसपास तर फारच. म्हणजे रोज पाच-सहा तास रस्ता. हा हिशेब बसत नाही, मनू. बसवायचा म्हटला तर पहाटेच्या गोठलेल्या रस्त्यावरून आणि रात्रीच्या अंधारातून बसवावा लागेल, आणि तुम्ही तो बसवाल. कारण सोमवारी ऑफिस आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. डोंगरातल्या बातम्या मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. बर्फ, दरड, धुकं ही कारणं छापून येतात. पण गाडी त्या वेळी त्या जागी का होती, हे विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, उद्या परत पोचायचं होतं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला काय झालं ते आठवतंय? शनिवार-रविवार बर्फ बघायला म्हणून हजारो गाड्या वर गेल्या. वादळ येणार हे आधीच जाहीर झालेलं होतं. एका रात्रीत रस्ता बुजला, आणि सकाळी गाड्यांमधून वीसहून जास्त माणसं मेलेली सापडली. कितीतरी जण गारठून नाही गेले. इंजिन आणि हीटर चालू ठेवून काचा लावून झोपले होते. सायलेन्सरच्या तोंडावर बर्फ साचला आणि धूर आत भरला. धुरातल्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. माणसाला फक्त झोप येते. घरंच्या घरं गेली, लेकरंसुद्धा.

लिहितानाही हात थांबला. तर पक्कं ठेव: कधी अडकलात तर तासातून दहा मिनिटंच इंजिन, तेही आधी खाली उतरून सायलेन्सर मोकळा करून, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच बोटभर उघडी. फावडं म्हणूनच गाडीत हवं, आणि ते डिकीत तळाशी नको, हाताला लागेल असं ठेवा. स्पितीतल्या घरांत तंदूर असतो, त्याला धुराडं असतं, तिथे निर्धास्त झोपा. पण खालच्या एखाद्या हॉटेलात कुणी खोलीत कोळशांची शेगडी आणून ठेवली तर रात्री बाहेर काढायला लावायची. भीडभाड ठेवायची नाही. तुला माणसाला नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

हिवाळ्यातला तिकडचा बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर येतो, आणि तीन-चार दिवस आधी हवामान खातं तो सांगतं. मोकळे दिवस हाताशी असले की त्या इशाऱ्याचा उपयोग. तारीख ठरलेली असली की इशारा वाचूनही माणूस निघतोच.

तेव्हा रजा वाढव. हे सगळे मुक्काम बसतील इतके दिवस घे, आणि वर चार असे, जे कशासाठीच धरायचे नाहीत. मिळत नसेल तर यंदा कल्पापर्यंतच जा, किब्बर पुढच्या जानेवारीला. हिमबिबट्या तिथेच आहे. ऑफिसात काय सांगायचं ते तू बघ. दाजींच्या वेळी तुला रजा मिळाली होती, आणि तेव्हा ऑफिसातल्यांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं, हे तूच मला सांगितलंस.

रोज मुक्कामी पोचलात की मला एक निरोप टाक. तिकडे वीज जाते, त्याबरोबर फोनही जातो. दोन दिवस तुझा निरोप आला नाही, तर रस्ता बंद आहे आणि तुम्ही कुणाच्या तरी घरी तंदूरपाशी थुकपा खात बसला आहात, असं मला समजता आलं पाहिजे. तुझ्या आत्ताच्या तारखांवर मला तसं समजता येणार नाही. त्या तारखांवर निरोप आला नाही की मी तुम्हाला रात्रीच्या रस्त्यावरच बघणार.

आणि ताईला, तुझ्या आईला, तू अजून काहीच सांगितलेलं नाहीस, हे तिच्या कालच्या फोनवरून कळलं. मी तिच्याशी खोटं बोलणार नाही. गुरुवारी ती माझ्याकडे येते आहे. त्याच्या आत तू तिला सांग, आणि सांगताना नव्या तारखा सांग.

तुझा,
मामा