खोट्या स्वरतंतूंचे गाणे

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझा आवाज गेला. घसा बसणे आम्हा शिकवणाऱ्यांना नवे नाही. हळदीचे दूध आणि ज्येष्ठमधाची कांडी यांवर आजवर निभावले होते. या वेळी मात्र तीन आठवडे उलटले तरी तोंडातून एक जाड, घोगरा, खाली घसरत जाणारा सूर तेवढा निघे. फोनवर अनोळखी माणसे मला ‘सर’ म्हणू लागली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून घसा तपासला आणि पडद्यावर मलाही दाखवला. खरे स्वरतंतू सुजले होते. त्यांच्या थोडे वर आणखी दोन घड्या असतात. वैद्यकात त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. एरवी बोलण्यात त्यांचा भाग नसतो. पण खरे थकले की कधी कधी त्या मध्ये येतात. “तुम्ही सध्या खोट्या स्वरतंतूंनी बोलता आहात,” डॉक्टर म्हणाले. दहा दिवस पूर्ण मौन आणि पुढे आवाजाचे व्यायाम, असा उपचार ठरला.

मौनाच्या चौथ्या दिवशी एका माजी विद्यार्थ्याने मोबाइलवर एक गाणे पाठवले. सोबत एकच ओळ होती : ‘मॅडम, हा आवाज ऐका.’ माझ्या आजारपणाची त्याला काहीच कल्पना नव्हती.

पहिल्यांदा ऐकताना वाटले, यंत्र बिघडून ध्वनिफीत संथ झाली आहे. गिटार नेहमीच्या वेगाने चालली होती. फक्त माणूस विहिरीच्या तळाशी बसून गात असावा, असा आवाज. शब्द इंग्रजी होते. जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचे ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ हे ते गाणे. मूळ गायक इयान कर्टिस मे १९८० मध्ये आत्महत्या करून गेला आणि पुढच्याच महिन्यात ते प्रसिद्ध झाले. मुळात त्यात एका तरुण माणसाची कोंडी ऐकू येते. इथे तीच कोंडी जणू डोंगराला पडली होती. गाणारा होता आल्बर्ट कुवेझिन, बँडचे नाव ‘यात-खा’ आणि हे गाणे त्यांच्या २००५ च्या ‘री-कव्हर्स’ या संग्रहातले.

माझ्यातली लोकसाहित्याची प्राध्यापिका लगेच सावध झाली. परक्या परंपरेतला एखादा विचित्र आवाज उचलून त्याला विजेच्या गिटारीची फोडणी द्यायची, हा प्रकार आपल्याकडेही कमी नाही. पण बोलणे बंद असल्यामुळे मत देण्याची सोय नव्हती. मग ऐकत राहिले आणि वाचत गेले.

हा आवाज तुवाचा. दक्षिण सायबेरियात, मंगोलियाच्या सीमेला लागून असलेला हा प्रदेश १९२१ ते १९४४ या काळात नावाला स्वतंत्र प्रजासत्ताक होता. १९४४ मध्ये तो सोव्हिएत संघात विलीन झाला. थोरली आणि धाकटी येनिसेई जिथे एकत्र येतात तिथे त्याची राजधानी किझिल वसली आहे. तिथले पशुपालक ज्याला खूमेई म्हणतात, ते कंठगान. एकच माणूस एक आधारस्वर धरून ठेवतो आणि जीभ, ओठ, जबडा यांच्या सूक्ष्म हालचालींनी त्याच स्वराच्या पोटातला एखादा वरचा उपस्वर इतका उजळ करतो, की दोघे जण गात आहेत असे वाटावे. सिगित या प्रकारात वरचा स्वर शिट्टीसारखा तीक्ष्ण होतो. कार्गिरा या प्रकारात तळ खोल जातो. कुवेझिनचा आवाज या दुसऱ्या कुळातला, आणि त्यातही विलक्षण खोल.

कार्गिराचे शरीरशास्त्र वाचताना मी थांबले. या गायनात खऱ्या स्वरतंतूंबरोबर त्यांच्या वरच्या घड्याही कंप पावतात. खरे दोनदा हलतात तेव्हा वरच्या एकदा हलतात, म्हणून आवाज एक सप्तक खाली उतरल्यासारखा ऐकू येतो. वरच्या घड्या म्हणजे तेच खोटे स्वरतंतू. माझ्या घशात जी थकव्याने आलेली विकृती होती, तीच क्रिया तिथे प्रयत्नाने कमावलेली कला होती. माझा आजार म्हणजे कला, असे मी म्हणत नाही. मला बोलताना वेदना होत, त्या गायकाचे नियंत्रण अचूक आहे. पण ‘खोटे’ हे नाव त्या अवयवाने स्वतःला दिलेले नव्हते.

आणि उपस्वर आपल्याला तरी कुठे परके आहेत? जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की कोणीही न लावलेला गंधार ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू म्हणतो, त्याचा गौरव करतो. तुवातला गायक तोच न्याय आपल्या गळ्याला लावतो. तारेतून आलेला गंधार आपल्याला दैवी वाटतो आणि घशातून आलेला खर्ज विचित्र, यात ऐकण्यापेक्षा सवयीचा भाग मोठा असावा.

राहिला शुद्धतेचा प्रश्न. कुवेझिनने १९९१ मध्ये इव्हान सोकोलोव्स्की या रशियन संगीतकाराबरोबर ‘यात-खा’ सुरू केला. यात-खा हे झिथर जातीच्या एका तंतुवाद्याचे नाव. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘हून-हूर-तू’ या गटाच्या संस्थापकांतही तो होता. त्या गटाने जुनी गाणी जुन्या वाद्यांवर जगभर नेली; कुवेझिन लवकरच त्यातून बाहेर पडला. १९९५ मध्ये त्याच्या बँडचा ‘येनिसेई पंक’ आला. त्याच्या गाण्यांत विजेच्या गिटारीशेजारी इगिल वाजते. माथ्यावर घोड्याचे डोके कोरलेले, घोड्याच्या केसांच्या दोन तारांचे हे वाद्य गजाने वाजवतात. कधी आपल्या मोरचंगाच्या नात्यातले खोमूसही असते. ‘री-कव्हर्स’मध्ये हे सारे परक्या गाण्यांना लागते. म्हणजे माझी शंका उलटी होती. कोणी बाहेरच्याने तुवाचा आवाज उचलला नव्हता. तुवाचाच माणूस जगाची गाणी उचलून आपल्या घशातून काढत होता. उच्चार इंग्लंडचे नव्हते, आणि ते तसे व्हावेत म्हणून तो धडपडतही नव्हता.

इथे मला गाणे पाठवणारा विद्यार्थी आठवला. एम.ए.च्या पहिल्या वर्षी कविता वाचताना तो ‘पानी’ म्हणाला होता. मी त्याला भर वर्गात ‘पाणी’ हा शब्द पाच वेळा म्हणायला लावला. वर्ग हसला, मीही हसले असेन. हेतू वाईट नव्हता, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. पण नंतरच्या दोन वर्षांत त्याने वर्गात एकदाही मोठ्याने काही वाचले नाही. बोलीचे सौंदर्य, लोकपरंपरेतील मौखिकता हे प्रश्न मी फळ्यावर लिहून देत होते आणि त्यांची चांगली उत्तरे तो लिहून देत होता. एक जिवंत बोली मात्र माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर गप्प बसून होती. प्रमाणभाषा शिकवू नये, असे मला अजूनही वाटत नाही. परीक्षेत, मुलाखतीत ती लागते. पण ती शिकवणे वेगळे आणि दुसऱ्याच्या तोंडातला आवाज खोटा ठरवणे वेगळे.

मौन सुटल्यावर मी त्याला फोन केला. तो आता एका साखर कारखान्याच्या कार्यालयात नोकरी करतो. माझा आवाज ऐकून त्याने विचारले, “कोण बोलतंय?” नाव सांगितले तेव्हा म्हणाला, “मॅडम, ओळखलाच नाही आवाज.” मी घशाचे सांगितले, गाण्याचे सांगितले. मग ‘पाणी’चे सांगायला लागले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “जाऊ द्या मॅडम, आता कशाला.” विसरलो, असे काही तो म्हणाला नाही.

माझा आवाज बराचसा परत आला आहे. लांबलचक तासाच्या शेवटी मात्र तळाला जरा खरखर उरते. या जूनमध्ये नव्या वर्गात एका मुलीने उतारा वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीत ‘लोनी’ म्हणाली. मागच्या बाकावर कोणीतरी हसले. मी हसणाऱ्याकडे पाहिले आणि तिला म्हटले, “थांबू नकोस. वाच पुढे.”